आकडे नसलेल्या क्विझिनेअर कांड्या

बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझिनेअर यांनी गणित शिकवण्यासाठी तयार केलेल्या या कांड्यांच्या संचात १ ते १० सेंटीमीटर लांबीच्या, लांबीनुसार रंग ठरलेल्या कांड्या असतात. माझी भाची १/३ हा १/२ पेक्षा मोठा मानत असे, कारण ३ हा आकडा मोठा, पण ६ सेंटीमीटरच्या गडद हिरव्या कांडीखाली तेवढ्याच लांबीत आधी दोन पोपटी, मग तीन लाल कांड्या लावल्यावर ती क्षणभर थांबून म्हणाली, “मावशी, वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो!” कांड्यांवर आकडे नसतात, हे मला फार मोलाचे वाटते, कारण मुलाला उत्तर नुसते वाचता येत नाही, ते मापूनच शोधावे लागते. १ सेंटीमीटरची पांढरी कांडी मात्र सहज हरवते.