सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा

गॅरेजवाल्याने घेतले २३,५५० रुपये. फ्युएल पंप ९,८५०, इंजेक्टर क्लीनिंग ३,२००, 'ईसीएम प्रोग्रामिंग' (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) ६,५००, मजुरी ४,०००. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद. आणि खरा दोष काय निघाला? पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणाऱ्या व्यवस्थेचा) चिरलेला रबरी पाइप, ३८० रुपयांचा!

गाडी रस्त्यावर झकास पळायची, चढालाही दम लागत नव्हता. सिग्नलला क्लच दाबला की आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा ५००च्या खाली, दोन हिसके, बंद. मागून हॉर्न आणि शिव्या. पंप कमजोर असता तर गाडीने आधी चढावर मार खाल्ला असता, कारण पेट्रोल जास्त लागतं तिथे. पण हे मला कुठून माहीत असणार? स्कॅनर लावून गॅरेजवाल्याने पी०१७१ कोड दाखवला, हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन. "बघा साहेब, पेट्रोल कमी येतंय. पंप गेला. कधीही भर रस्त्यात उभी राहील." कोड खरा होता, अर्थ अर्धा सांगितला. लीन म्हणजे पेट्रोल कमी, नाहीतर न मोजलेली हवा जास्त. दुसरी बाजू तो बोललाच नाही. रोज गाडीत म्हाताऱ्या आईला बसवणाऱ्याने अशा वेळी वाद घालायचा का?

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो. गाडी ताब्यात देताना त्याने चालू करून दाखवली. बंद पडली नाही. पण काटा १,२५०वर! गरम इंजिन, एसी बंद, तरी १,२५०. पूर्वी साडेसातशे-आठशेच्या वर कधी जात नव्हता. मी बोट दाखवून विचारलंही. "नवा पंप आहे, सेट व्हायला वेळ लागतो." पंपाचा आणि आयडलच्या, म्हणजे गाडी उभी असतानाच्या, आरपीएमचा असा संबंध नसतो हो! त्याने थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू पिळून ठेवला होता, बस्स. त्या स्क्रूवरचा फॅक्टरीचा रंग तुटलेला होता, पाना लागल्याची ताजी चमक दिसत होती. जुना पंप मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला".

आठवड्यात पुन्हा तेच. दुसऱ्या मिस्त्रीने मागची सीट उचलली. पंपावरच्या झाकणावर वर्षानुवर्षांची धूळ, स्क्रू गंजलेले, एकालाही हात लागलेला नाही. म्हणजे पंप बदललाच नव्हता. मग त्याने स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) दाखवला: आयडलला +२२ टक्के, २,५०० आरपीएमला +४. आयडलला इंजिन मुळात हवा कमी ओढतं, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा ठरतो. वेग वाढला की तीच गळती किरकोळ. पाइपच्या खालच्या वाकणात नखाएवढी चीर, बोट ठेवलं की सुस्कारा बंद आणि इंजिन सरळ. पाइप बदलून, थ्रॉटल बॉडीची काजळी पुसून, स्क्रू जागेवर आणून ईसीएमला आयडल पुन्हा शिकवलं. एकूण १,१८०.

पैसे परत मागितले तर पहिला गॅरेजवाला म्हणाला, "काम झालंय, पंप काढून तपासा की." पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला". ग्राहक तक्रारीला गेलो तर "पक्कं बिल आणा". अहो, पक्कं बिल देणारा कशाला असं फसवेल? परिवहनवाले म्हणाले आमचा गॅरेजशी संबंध नाही. ऑनलाइन तक्रार टाकली. 'तज्ज्ञाचा दाखला जोडा' म्हणे. दुसऱ्या मिस्त्रीने लिहून दिलं, तर तो 'मान्यताप्राप्त' नाही. मान्यता कोण देतं ते विचारायला फोन केला, तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला आणि कट झाला. नंतर मेसेज: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.' कुणाचं समाधान?

काम सुरू व्हायच्या आधीच जुना भाग डिकीत ठेवायला सांगा. कोडचा फोटो घ्या, सोबत आयडल आणि २,५००चा ट्रिमही. मिस्त्री 'पंप गेला' म्हणाला तर प्रेशर गेजवर आकडा मागा. आयडल व्हॉल्व्ह, थ्रॉटलची घाण, उघडा अडकलेला ईजीआर (जळलेला धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह), ही तपासणी ईसीएमच्या आधी. थेट ईसीएमवर उडी मारणाऱ्याकडून किल्ली परत घ्या. घरी कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायचे व्हिडिओ फिरतात, ते गरम इंजिनवर करू नका, भडका उडतो. आणि गाडी ताब्यात घेताना गरम इंजिनचा काटा बघितल्याशिवाय क्यूआर स्कॅन करू नका, तो कितीही घाई करो.