रेफ्यूजच्या ‘गुप्त’ फ्रिक्वेन्सी विकणाऱ्यांपासून सावध राहावे

न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि हिवाळ्यात स्नो गीज व ब्रँट पाहण्यासाठी एडविन बी. फोर्साइथ नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज या सरकारी अभयारण्यातल्या आठ मैलांच्या रस्त्यावरून गाडी फिरवणाऱ्या मराठी पक्षिनिरीक्षकांपैकी काहींना रेडिओ स्कॅनरचाही, म्हणजे इतरांचे रेडिओवरचे बोलणे ऐकवणाऱ्या यंत्राचाही, नाद आहे, आणि मी त्यांच्यातलाच एक. रस्त्यावर भरतीचे पाणी आले आहे का, कुठल्या भागात नियंत्रित आग लावली जाणार आहे, कोणत्या बांधावर यंत्र अडकले आहे, हे सगळे कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्यातून कळते. या नादाच्या आधारे एका ऑनलाइन विक्रेत्याने माझ्याकडून अडीचशे डॉलरच्या आसपास रक्कम कशी काढली, हे इतरांना आधीच ठाऊक असावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विक्रीला होता तो हातात मावणारा एक साधा ॲनालॉग स्कॅनर, ज्यात देशभरातल्या सर्व रेफ्यूजच्या फ्रिक्वेन्सी आधीच भरल्या असल्याचा दावा होता. सोबत गरुडाची मुद्रा छापलेले, सरकारी वाटेल असे लॅमिनेट केलेले कार्ड होते, ज्यावर राज्यवार आकडे बारीक अक्षरात दिले होते. जाहिरातीतल्या चित्रफितीत स्कॅनर सुरू करताच खणखणीत आवाज ऐकू येत होता आणि खाली ‘रेफ्यूजचे थेट प्रसारण’ अशी ओळ होती. संच घरी आला, फोर्साइथला नेला, आणि तो दिवसभर मुका राहिला.

या फसवणुकीची खरी मेख या मुकेपणातच आहे. रेफ्यूज म्हणजे काही शहरातले पोलीस ठाणे नव्हे. तिथे मोजकेच कर्मचारी असतात आणि तासन्‌तास कोणी रेडिओवर बोलत नाही. त्यामुळे ऐकू काहीच येत नसेल, तर फ्रिक्वेन्सी खोटी आहे की त्या वेळी कोणी बोलत नाही, हे गिऱ्हाइकाला केवळ ऐकून ठरवता येत नाही. मी पत्र पाठवले की विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असे: हा काळ शांततेचा आहे, जरा धीर धरा, शरद ऋतूत हालचाल वाढते. मग त्याने अँटेना बदलून पाहण्यास सांगितले, नंतर संच ‘नव्याने प्रोग्रॅम करण्यासाठी’ परत मागवला आणि तो सावकाश परत पाठवला. तोवर वस्तू परत करण्याची ऑनलाइन बाजारपेठेची मुदत उलटून गेली होती. ही दिरंगाई योगायोगाने झाली, असे मला वाटत नाही.

यानंतर मी कार्ड घेऊन बसलो आणि एकेक आकडा पडताळला. अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्यांना फ्रिक्वेन्सी एफसीसी, म्हणजे इतरांना रेडिओ परवाने देणारी संस्था, देत नाही. ते काम एनटीआयए ही संस्था करते, आणि एफसीसीच्या परवान्यांची यादी कोणालाही पाहता येते तशी केंद्रीय खात्यांची यादी खुली नसते. रेफ्यूज चालवणारी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस ही इंटिरियर खात्याची शाखा असल्याने तिच्या बाबतीतही हेच लागू आहे. साहजिकच ‘अधिकृत संपूर्ण यादी’ विकणारा माणूस ‘अधिकृत’ या एका शब्दापाशीच पकडला जातो. उपलब्ध असते ती हौशी श्रोत्यांनी स्वतः ऐकून जमवलेली माहिती, आणि ती मंडळी ती सहसा फुकट वाटतात.

केंद्रीय खात्यांचा व्हीएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा) पट्टा मुख्यतः १६२ ते १७४ मेगाहर्ट्झ असा आहे, आणि त्यातले चॅनेल १२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेले असतात. माझ्या कार्डावर पहिलाच आकडा १५१.८२० होता, जो मर्स नावाच्या, कोणालाही विनापरवाना वापरता येणाऱ्या सेवेचा आहे. त्याखाली ४६२.५६२५ होता, दुकानात जोडीने मिळणाऱ्या वॉकीटॉकींचा तो पहिला चॅनेल. १५६.८०० म्हणजे बोटींचा सोळावा चॅनेल. जे आकडे योग्य पट्ट्यात पडत होते, त्यांतले बरेच १६५.४३१ अशा धाटणीचे होते, म्हणजे १२.५ च्या पायरीवर न बसणारे, मनाला येतील तसे लिहिलेले. उरलेले काही १६२.४०० ते १६२.५५० या टप्प्यातले होते, आणि ते मात्र अगदी खरे होते, कारण एनओएए या केंद्रीय हवामान व सागर संस्थेचे हवामान रेडिओ याच सात फ्रिक्वेन्सींवर चोवीस तास चालते. चित्रफितीतला तो खणखणीत आवाज तिथलाच होता. पुन्हा लक्ष देऊन ऐकल्यावर लाटांची उंची आणि वाऱ्याची दिशा सांगणारा यांत्रिक स्वर स्पष्ट ओळखू आला.

याहून मोठी अडचण संचाच्या जातीची आहे. केंद्रीय खात्यांचे बरेचसे दळणवळण आता पी२५ या डिजिटल पद्धतीने होते. अशा चॅनेलवर ॲनालॉग स्कॅनर थांबतो खरा, पण ऐकू येते ती केवळ मोटार फिरावी तशी घरघर. बोलणे ऐकायचे असेल तर पी२५ उलगडणारा डिजिटल स्कॅनर किंवा संगणकाला जोडायचा एसडीआर डोंगल (छोटा रेडिओ-ग्राहक) आणि त्यासोबतची प्रणाली लागते. मी घरघरीविषयी विचारल्यावर विक्रेत्याने आपला दुसरा माल पुढे केला: सांकेतिक संभाषण ‘उघडून देणारी’ प्रणाली, आणि तीही क्रेडिट कार्डाऐवजी झेल (Zelle) या खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेवरून पैसे दिल्यास सवलतीत. डिजिटल आणि सांकेतिक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तो त्या मुद्दाम एकत्र कालवत होता. वन्यजीव अधिकाऱ्यांचे कायदा-अंमलबजावणीचे बोलणे एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे सांकेतिक, असेल तर बाजारातला कोणताही स्कॅनर ते उलगडू शकत नाही, आणि तसा प्रयत्न करणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ती प्रणाली मी घेतली नाही.

फ्रिक्वेन्सी शोधण्याचे काम मुळात पैसे मोजण्याजोगे नाही. १६२ ते १७४ या पट्ट्यात १२.५ च्या पायरीने जेमतेम ९६० चॅनेल येतात, आणि साधा स्कॅनरही त्यांची फेरी मिनिटाच्या आत पूर्ण करतो. हवामानाचे सात चॅनेल वगळावेत, सकाळी कर्मचारी कामाला बाहेर पडतात त्या सुमारास कार्यालयाच्या वाहनतळावर गाडी उभी करावी, सुमारे ४५ सेंटिमीटरची अँटेना लावावी आणि शोध चालू ठेवावा. जवळचा जोरकस संदेश आपोआप पकडणारी सोय संचात असेल तर ती सुरू ठेवावी. या पट्ट्यात तटरक्षक दल आणि इतर केंद्रीय खातीही बोलत असतात, त्यामुळे काही सापडताच हुरळून जाऊ नये. बोलण्यात ‘ईस्ट पूल’, ‘वेस्ट पूल’ किंवा ‘गल पॉन्ड’ अशी फोर्साइथमधली ठिकाणांची नावे आली, की मगच तो आकडा वहीत लिहावा. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी घेणारा संच गाडीत बाळगण्यावर निर्बंध आहेत, हे तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत, त्यांनी विक्रेत्याशी पत्रव्यवहार वाढवू नये. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील, तर फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टनुसार विवरणपत्र पाठवले गेल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेकडे लेखी तक्रार करता येते, आणि ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हे कारण त्यात बसते. मी गरुडाच्या कार्डाचे छायाचित्र, प्रत्येक आकड्यापुढे त्याचा खरा वापर लिहिलेला कागद आणि ‘थेट प्रसारण’ म्हणणारी जाहिरात अशी तिन्ही कागदपत्रे जोडली. झेलने पाठवलेले पैसे परत मिळणे फार कठीण असते, म्हणूनच सवलतीचे आमिष त्या मार्गासाठी होते. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडेही नोंद करता येते. त्यातून पैसे मिळतीलच असे नाही, पण एकाच माणसाविरुद्धच्या तक्रारी एकत्र येतात.

बँकेने संचाची किंमत परत दिली, टपालखर्च दिला नाही. विक्रेत्याचे खाते बंद झाले आहे, परंतु तेच गरुडाचे कार्ड आणि तीच चित्रफीत आता दुसऱ्या नावाखाली विक्रीला आहे, आणि कार्डावरचा पहिला आकडा अजूनही १५१.८२० आहे.