८४ क्रेडिट्स नेले, ५१ धरले गेले: कोर्स आणि विद्यापीठ बदलताना वापरलेल्या क्रेडिट ट्रान्सफर सेवेचा अनुभव

मेकॅनिकल इंजिनियरिंगची चार सेमिस्टर्स पूर्ण करून मी दुसऱ्या विद्यापीठात भाषाशास्त्राच्या पदवीला गेले. हा रिव्ह्यू त्या नव्या विद्यापीठाच्या क्रेडिट ट्रान्सफर कक्षाचा आहे, म्हणजे आधी पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट्स (अभ्यासाचं मोजमाप) नव्या पदवीत किती धरायचे हे ठरवणाऱ्या कक्षाचा. शिक्षकांबद्दल आणि ग्रंथालयाबद्दल सगळेच लिहितात. मधूनच येणाऱ्या विद्यार्थ्याचं पुढचं वर्ष-दोन वर्षं मात्र या एका कक्षातल्या टेबलावर ठरतं आणि त्याबद्दल मला कुठेही धड वाचायला मिळालं नव्हतं. दोन्ही विद्यापीठांची नावं देत नाही. पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच असते, म्हणून ती सांगते.

आधी निकाल सांगते. पहिल्या विद्यापीठात मी ८४ क्रेडिट्स पूर्ण केले होते. पहिल्या फेरीत त्यातले ३८ धरले गेले, फेरविचाराचा अर्ज केल्यावर ५१. म्हणजे ३३ गेले. मशीन ड्रॉइंग, थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, मॅन्युफॅक्चरिंग, वर्कशॉप हे सगळं गेलं आणि ते जाणारच होतं. या वजाबाकीने मी दोन रात्री झोपले नव्हते. नंतर एक आकडा वाचनात आला. अमेरिकी सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाचा २०१७ सालचा अहवाल सांगतो की तिथे २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स बुडाले. माझे ३९ टक्के बुडाले होते. दुःख कमी झालं नाही, पण माझ्यावरच काही विशेष अन्याय झालाय ही भावना गेली. त्याच वर्षीच्या तिथल्या दुसऱ्या एका सरकारी पाहणीत पदवीच्या साधारण ३० टक्के विद्यार्थ्यांनी पहिल्या तीन वर्षांत मुख्य विषय बदलल्याचं दिसलं. विषय बदलणारे इतके असतात, तरी घरी हा विषय काढताना आपण एकटेच असं करतोय असं वाटतं. बाबा पहिल्यांदा फक्त एवढंच म्हणाले, "दोन वर्षं पाण्यात घालायची का?" त्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता यावं म्हणून मी या कक्षाच्या पायऱ्या चढले.

बदलायचं का, हे कसं ठरलं तेही थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढे तेच क्रेडिट्सच्या कामी आलं. चौथ्या सेमिस्टरमध्ये मी भाषाशास्त्राच्या एका खुल्या व्याख्यानाला गेले होते. शिकवणाऱ्या सरांनी प्रत्येकाला आपल्या मातृभाषेतले, लिहायला सारखे पण बोलायला वेगळे असे दोन शब्द मागितले. मी माइकवर 'चार' म्हटलं, तीन-चार मधला. मग पुन्हा 'चार' म्हटलं, गुरांना चार मधला. सरांनी दोन्ही प्राट या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं, आवाजाचं विश्लेषण करणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर दोन करडी चित्रं शेजारी शेजारी आली. तालव्य 'च'मधल्या घर्षणाचा काळा पट्टा खालपासून सुरू होत होता आणि दंततालव्य 'च'चा बराच वर, उंच फ्रीक्वेन्सीत. शाळेत व्याकरणाच्या तासाला हा फरक पाठ केला होता. तो डोळ्यांनी पाहता येतो हे मला माहीत नव्हतं. मग सरांनी फळ्यावर एका टोकाला बंद असलेली नळी काढली, लांबी साडेसतरा सेंटिमीटर, आणि तिच्या अनुनादाच्या, म्हणजे ती ज्यांवर सर्वांत जास्त घुमते त्या फ्रीक्वेन्सी लिहिल्या: ५००, १५००, २५०० हर्ट्‌झ. जीभ सैल ठेवून म्हटलेल्या मधल्या स्वरात ढोबळमानाने हेच आकडे सापडतात, कारण प्रौढ पुरुषाचा घसा आणि तोंड मिळून साधारण तेवढीच नळी होते. हे सूत्र मी पहिल्या वर्षी सोडवलं होतं, फक्त तेव्हा नळी पत्र्याची होती.

आता कक्षाबद्दल.

पहिली गोष्ट त्यांनी चांगली केली ती ही की प्रवेश घेण्याआधी प्राथमिक मूल्यमापन करून दिलं. अर्जासोबत गुणपत्रिका आणि प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस द्यायचा, मग ते अंदाजे किती क्रेडिट्स धरले जातील हे ईमेलवर लेखी कळवतात. तोंडी "होऊन जाईल" म्हणणारी आणखी दोन विद्यापीठं माझ्या यादीत होती. त्यांच्याकडून लेखी काहीच आलं नाही, तेव्हा मी ती यादीतून काढली. जुनी जागा सोडण्याआधी हा कागद हातात नसेल, तर सोडू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण माझ्यासोबत अर्ज केलेल्या एका मुलीने आधी नाव काढलं आणि मग तिला कळलं की तिचं एक संपूर्ण वर्ष धरलं जाणार नाही.

दुसरी गोष्ट, तिथल्या समन्वयक मॅडम. कक्षाचं पहिलं मूल्यमापन कुणीतरी विषयांची नावं पाहून केलं होतं. नाव जुळलं तर हो, नाही जुळलं तर नाही. व्हायब्रेशन्स म्हणजे यंत्रांचा विषय, भाषाशास्त्रात त्याचं काय काम, म्हणून तिथे फुली. मी फेरविचाराचा अर्ज घेऊन गेले तेव्हा मॅडमनी माझा सिलॅबस आणि त्यांच्या ध्वनिविज्ञानाच्या ऐच्छिक विषयाचा सिलॅबस टेबलावर एकाखाली एक ठेवला. हातात पेन्सिल. सक्तीची कंपनं, अनुनाद, डॅम्पिंग, फूरिये श्रेणी (गुंतागुंतीची लहर साध्या लहरींत फोडायची पद्धत) असं माझ्या कागदावरचं एकेक युनिट वाचत त्या त्यांच्या कागदावर छोटी खूण करत गेल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "फूरिये तुला नुसतं सूत्र म्हणून शिकवलं, की प्रत्यक्ष सिग्नलवर करून घेतलं?" मी म्हटलं, "प्रॅक्टिकलला मोटरच्या थरथरीवर केलं होतं." "मग जर्नल आणून दाखव." मी दुसऱ्या दिवशी सर्टिफाय केलेलं जर्नल नेलं. त्यांनी त्या प्रयोगाची पानं उलटली, आलेख पाहिला, पाठीमागची शिक्षकांची सही पाहिली आणि समितीसाठी अर्ध्या पानाची टिपणी लिहिली. व्हायब्रेशन्सचे ४ क्रेडिट्स त्या जर्नलमुळे मिळाले. तिसऱ्या मॅथ्सचे ४, न्यूमेरिकल मेथड्सचे ३ आणि टेक्निकल कम्युनिकेशनचे २ याच पद्धतीने सुटले.

क्रेडिट ट्रान्सफर म्हणजे कुणीतरी तुम्ही काय शिकलात ते वाचणं. वाचणारं माणूस नीट असेल आणि वाचायला तुमच्याकडे कागद असेल, तरच ते होतं. म्हणून मी नव्या विद्यापीठाची पारख याच एका गोष्टीवर करायला सांगेन: ते तुमच्या विषयाचं नाव वाचतात की आतली युनिट्स वाचतात?

हे तत्त्व मॅडमचं एकटीचं नाही. युरोप परिषद आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने १९९७ साली लिस्बनमध्ये झालेल्या करारात असंच म्हटलंय. बाहेर घेतलेलं शिक्षण मान्य करायचं, मोठा आणि ठोस फरक दाखवता आला तरच नाकारायचं, आणि तो फरक दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची. युरोपात क्रेडिट्सची देवघेव १९८९ पासून सुरू आहे आणि तिथे मोजमापही ठरलेलं आहे: पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट्स, एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम. भारतात २०२१ मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली, म्हणजे क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या खात्यात साठवायची सोय झाली. पण खात्यात असलेला क्रेडिट नव्या पदवीत कुठे बसतो, हे शेवटी कुणाला तरी सिलॅबस उघडूनच ठरवावं लागतं. माझ्या दोन विद्यापीठांचे तर क्रेडिटमागचे तासही सारखे नव्हते, त्यामुळे तासांचा हिशेबही मॅडमनी हाताने मांडला.

आता जिथे सेवा कमी पडली ते.

फेरविचाराचा निर्णय यायला सात आठवडे लागले. फी भरायची मुदत त्याच्या आधीच संपत होती. म्हणजे ३८ की ५१ हे माहीत नसताना मला फी भरावी लागली. हे चूक आहे. नव्याने बारावी होऊन येणाऱ्या मुलाला अभ्यासक्रम किती वर्षांचा हे प्रवेशाआधी माहीत असतं. मधून येणाऱ्यालाही ते कळायला हवं. मी फीडबॅक फॉर्ममध्ये हेच लिहिलं आणि इथेही लिहिते.

दुसरी उणीव त्याहून मोठी होती आणि ती मला कुणी समजावली नाही. नव्या पदवीला १२० क्रेडिट्स लागतात. ५१ वजा करून ६९ उरले, सेमिस्टरला २३ घेतले की तीन सेमिस्टर्स, असा सरळ हिशेब मी केला आणि घरी तसं सांगितलंही. पण विषयांना साखळी असते. ध्वनिविज्ञानाचा पाया झाल्याशिवाय ध्वनिव्यवस्था घेता येत नाही, ती झाल्याशिवाय क्षेत्रकार्य नाही, आणि क्षेत्रकार्यावरच शेवटचा प्रकल्प उभा असतो. एकेक विषय वर्षातून एकाच सेमिस्टरला चालतो. माझे आलेले ५१ क्रेडिट्स बहुतेक ऐच्छिक आणि पायाभूत गटांत बसले, मुख्य विषयाच्या साखळीतली एकही कडी त्यांनी भरली नाही. त्यामुळे चार सेमिस्टर्स. शेवटच्या दोन सेमिस्टर्समध्ये माझ्याकडे विषय कमी आणि वेळ भरपूर आहे, पण आधी संपवता येत नाही. किती क्रेडिट्स धरले एवढं विचारू नका. ते कुठल्या गटात धरले आणि त्यावरून कमीत कमी किती सेमिस्टर्स होतात, हे लेखी मागा. कक्षाने हा तक्ता स्वतःहून द्यायला हवा. तो त्यांना अर्ध्या तासात करता येईल, कारण मी मागितल्यावर एका क्लार्कनी तो अर्ध्या तासातच करून दिला, फक्त तोवर मी प्रवेश घेऊन महिना झाला होता.

काही गोष्टी कक्षाच्या हातात नाहीत. आणलेल्या क्रेडिट्सचे गुण येत नाहीत, गुणपत्रिकेवर त्यांच्यापुढे नुसतं 'स्थानांतरित' लिहिलेलं असतं. सरासरी शून्यापासून सुरू. जुन्या विद्यापीठात माझी सरासरी चांगली होती, ते मला लागलं. शिवाय पदवीचे निम्मे क्रेडिट्स तरी त्यांच्याकडेच पूर्ण करायची अट आहे. अशा अटी बहुतेक ठिकाणी असतात, प्रमाण वेगवेगळं. शिष्यवृत्ती असेल तर ती देणाऱ्यांना आधी विचारा. काही जण मुदत पदवीच्या पहिल्या वर्षापासून मोजतात, कोर्स बदलला तरी.

जुन्या विद्यापीठाबद्दल एकच तक्रार. दुसऱ्या सेमिस्टरनंतर त्यांचा सिलॅबस बदलला आणि वेबसाइटवर फक्त नवा राहिला. मी शिकलेला जुना सिलॅबस शिक्क्यासह मिळवायला मला तीन आठवडे रोज एका खिडकीवर उभं राहावं लागलं. शेवटी आमच्या विभागातल्या प्रयोगशाळा सहायक काकांनी त्यांच्या कपाटातली छापील प्रत काढून दिली. तिच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा होता. ती प्रत नसती तर व्हायब्रेशन्सही गेलं असतं. तुम्ही आज कुठल्याही कोर्सला असा, बदलायचा विचार असो वा नसो, दर सेमिस्टरला सिलॅबसची पीडीएफ उतरवून ठेवा आणि जर्नल्स रद्दीत देऊ नका.

तर, कक्षाला पाचपैकी साडेतीन. मॅडमना पाच. उरलेला दीड गुण वेळेत उत्तर देण्याचा आणि सेमिस्टर्सचा तक्ता आधी देण्याचा आहे. ते सुधारलं तर मी येऊन हा आकडा बदलेन.

गेल्या आठवड्यात मॅडमनी फोन करून माझी फाइल मागितली. सिव्हिल इंजिनियरिंगमधून एक मुलगा येतोय, त्याच्या फेरविचारासाठी समितीला नमुना दाखवायचा होता. मी जर्नलसकट सगळं नेऊन दिलं. त्याच्याकडे त्याचं जर्नल आहे का, एवढं विचारून घ्या म्हटलं. मॅडम म्हणाल्या, पहिला प्रश्न तोच विचारला.