चाळिशीनंतरचा चष्मा: बायफोकल, प्रोग्रेसिव्ह की दोन वेगळे चष्मे?

नवा चष्मा करायला निघण्याआधी घरातली मोजपट्टी काढा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा. फोन किंवा पुस्तक डोळ्यांपासून किती लांब धरता? कॉम्प्युटर, शिलाई मशीन, ओटा, हार्मोनियमवर ठेवलेली वही, जे तुमच्या रोजच्या कामाचं असेल ते किती लांब असतं? आणि त्यापलीकडे, म्हणजे रस्त्यावर, फळ्याकडे, समोरच्या माणसाकडे बघण्यात दिवसाचा किती वेळ जातो? नंबरचा कागद सगळेच दुकानात नेतात. हा दुसरा कागद फार थोडे नेतात, आणि चाळिशी ओलांडलेल्यांचे महागडे चष्मे कपाटात पडून राहतात ते बहुतेक वेळा याच कागदाअभावी.

वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं आणि जवळचं बघण्यासाठी त्याला जो फुगवटा घ्यावा लागतो तो कमी कमी होतो. म्हणून लांबच्या नंबरात जवळसाठी वरून भर घालावी लागते. तिला दुकानात ‘ॲडिशन’ किंवा नुसतं ‘ॲड’ म्हणतात. सुरुवातीला ती +१.०० च्या आसपास असते, पन्नाशी ओलांडताना +२.०० च्या घरात जाते आणि साठीच्या सुमारास +२.५० ला येऊन बहुधा थांबते. ॲड कमी असते तेव्हा डोळ्याची स्वतःची ताकदही थोडी शिल्लक असते, त्यामुळे कोणताही चष्मा निभावून जातो. निवड चुकली तर त्रास होतो तो पुढे.

हिशेब सोपा आहे: १०० ला ॲडने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. +२.०० ॲडचा भाग ५० सेंटिमीटरवर नेमकं दाखवतो. डोळ्याची उरलीसुरली ताकद लावली की त्याहून जवळचंही दिसतं, पण ५० च्या पलीकडचं नाही. लांबच्या नंबरातून साधारण दीड-दोन मीटरपासून पुढचं निवांत दिसतं. मधली जागा मोकळी राहते, आणि ऑफिसातला मॉनिटर नेमका तिथेच, ६० ते ७० सेंटिमीटरवर असतो. बायफोकल, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा, लावून कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस हनुवटी वर करून, मान मागे टाकून बसलेला दिसतो. तो पडदा खालच्या भागातून पकडायचा प्रयत्न करत असतो. मानदुखीचा इलाज मग भलतीकडेच शोधला जातो.

बायफोकल: केटी आणि डी

बायफोकल जुनं झालं, असं दुकानात अनेकदा ऐकायला मिळतं. जुनं आहे हे खरं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मधल्या पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याबद्दल लिहिलं आहे. पण ज्याचा दिवस फक्त दोन अंतरांमध्ये जातो, त्याच्यासाठी आजही याहून स्वच्छ नजर देणारी काच नाही. फळा आणि हातातलं पुस्तक, गिऱ्हाईक आणि पावतीपुस्तक, रस्ता आणि हातातलं तिकीट. बाजूला धूसरपणा नाही, सवय लवकर होते आणि खर्चही कमी येतो.

यात दोन प्रकार मिळतात. केटी म्हणजे क्रिप्टॉक: खाली गोल खिडकी, रेघ जवळजवळ दिसत नाही, स्वस्त. डी म्हणजे वरून सपाट, आडव्या पडलेल्या डी अक्षरासारखी खिडकी, रेघ स्पष्ट दिसते. केवळ रेघ नको म्हणून बरेच जण केटी घेतात. मी डीच्या बाजूने आहे. केटीची खिडकी वर अरुंद आणि मध्यावर रुंद असते, त्यामुळे वाचताना नजर बरीच खाली न्यावी लागते. डीमध्ये रेघ ओलांडली की लगेच पूर्ण रुंदी मिळते. शिवाय नजर रेघेवरून खाली सरकताना चित्र टुणकन उडी मारतं, ती उडी नेहमीच्या केटीमध्ये डीच्या दुपटीहून जास्त असते. जिन्यावर आणि बसच्या पायरीवर हा फरक पायांना जाणवतो.

प्रोग्रेसिव्ह: एका काचेत सगळी अंतरं

१९५९ मध्ये फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ यांनी घडवलेली व्हॅरिलक्स काच बाजारात आली आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खरा प्रसार तिथून सुरू झाला. वर लांबचं, तळाशी जवळचं आणि मधल्या पट्ट्यात नंबर हळूहळू बदलत जातो. मघाशी रिकामी राहिलेली मॉनिटरची जागा यात भरून निघते. गाडी चालवायची, डॅशबोर्ड बघायचा, सिग्नलला थांबून फोनवरचा नकाशा वाचायचा, मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा आणि हातातला कागद दोन्ही बघायचं, अशा फिरत्या दिवसाला हीच काच योग्य.

पण या सोयीची किंमत काचेच्या भूमितीतच वसूल होते, आणि ही गोष्ट विकणाऱ्याने आधी सांगायला हवी. मिंकविट्झचा नियम असा, की मधल्या पट्ट्यात नंबर ज्या वेगाने बदलतो, त्याच्या दुप्पट वेगाने पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना विकृती वाढते. म्हणजे ॲड जेवढी जास्त आणि पट्टा जेवढा आखूड, तेवढा बाजूचा धूसर भाग मोठा. ‘डिजिटल’ किंवा ‘फ्रीफॉर्म’ नावाच्या महाग काचा ही विकृती शहाणपणाने पसरवतात, गरजेनुसार कोपऱ्यात ढकलतात. ती नाहीशी कोणीच करू शकत नाही. ‘बाजूला अजिबात धूसर नाही’ असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर त्या दुकानातून उठलेलं बरं.

हा धूसर भाग कोणाला नडतो, हे कामावर अवलंबून असतं. डोळे न फिरवता मान फिरवायची सवय ज्याला होते, त्याला काही दिवसांत फरक कळेनासा होतो. दोन मॉनिटर शेजारी-शेजारी ठेवून दिवसभर आकड्यांत असणाऱ्याला मात्र मधला पट्टा अरुंदच वाटत राहतो. डोक्यावरचं बघून काम करणारे, म्हणजे इलेक्ट्रिशियन, रंगारी, गाडीखाली झोपून काम करणारे मेकॅनिक, यांच्या तर काचेचा वरचा भाग नेमका उलटा असतो: हाताच्या अंतरावरचं काम आणि काचेत लांबचा नंबर. ज्या ज्येष्ठांचा तोल आधीच डळमळीत आहे, ज्यांना रेल्वेचे पूल रोज चढावे-उतरावे लागतात, त्यांना साठीनंतर पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह देणं मला पटत नाही. पायरी बघायला खाली पाहिलं की वाचायचा नंबर आडवा येतो. त्यांना चालताना फक्त लांबचा आणि वाचायला वेगळा असे दोन साधे चष्मे बरे. प्रोग्रेसिव्ह घ्यायचाच असेल तर ॲड कमी असताना, चाळिशीच्या सुरुवातीलाच घ्यावा. डोळ्यांना सवय सोपी जाते.

ऑफिस लेन्स आणि दोन चष्म्यांचा पर्याय

हा पर्याय दुकानात सर्वांत कमी सुचवला जातो आणि खुर्चीवर आठ तास बसणाऱ्यांसाठी तो सर्वांत उपयोगी आहे. ऑफिस लेन्स म्हणजे लांबचा भाग सोडून दिलेली प्रोग्रेसिव्ह: साधारण ४० सेंटिमीटरपासून टेबलापलीकडच्या माणसापर्यंत स्पष्ट. मोठा नंबरबदल करायचा नसल्यामुळे मधला पट्टा ऐसपैस मिळतो आणि मान सरळ राहते. शिंपीकाम, सोनारकाम, दंतवैद्यक, स्वयंपाकघर, हिशेबाचं टेबल, सगळीकडे ही काच चालते. ती घालून गाडी मात्र चालवायची नाही; रस्ता तिच्यातून स्पष्ट दिसत नाही.

तेवढाही खर्च नको असेल तर एकाच नंबरचा कॉम्प्युटरचा चष्मा करून घ्या: लांबच्या नंबरात ॲडच्या निम्म्याच्या आसपास भर. नेमका आकडा तुम्ही मोजून आणलेल्या अंतरावरून तपासणारा काढतो. एक महागडी, सर्व काही करणारी प्रोग्रेसिव्ह घेण्यापेक्षा बाहेरसाठी मध्यम दर्जाची प्रोग्रेसिव्ह आणि टेबलावर ठेवलेला साधा कामाचा चष्मा, ही जोडी बहुतेक ऑफिसवाल्यांना जास्त सुख देते, असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्यांचा लांबचा नंबर −२.५० च्या आसपास आहे त्यांनी एक गोष्ट करून बघावी. चष्मा काढून पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरावं. ते लख्ख दिसतं, कारण त्यांच्या उघड्या डोळ्यांचं स्पष्ट अंतरच तेवढं असतं. सिलिंडर नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठी लागणारा) मोठा नसेल तर अशा माणसाला वाचनासाठी कोणतीच काच विकत घ्यायची गरज नाही.

काच कशाची असावी?

काच म्हणतो आपण, पण आज बहुतेक चष्मे प्लास्टिकचे असतात. ज्याला दुकानात ‘फायबर’ म्हणतात ते सीआर-३९. इंडेक्स (काच प्रकाश किती वळवते तो आकडा; जास्त तितकी काच पातळ) १.५०, आणि रंगांची फाटाफूट दाखवणारा ॲबे आकडा (जास्त तितकी फाटाफूट कमी) ५८, म्हणजे नजर अगदी स्वच्छ. नंबर दोन-अडीचपर्यंत असेल तर हेच घ्या, पुढचा परिच्छेद वाचू नका. पॉलिकार्बोनेट वजनाला हलकं आणि सहसा न फुटणारं, पण ॲबे फक्त ३०. कडेने बघताना दिव्यांभोवती रंगाच्या झालरी दिसू शकतात. मुलं, खेळाडू, वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या जवळ असणारे आणि ज्यांना एकाच डोळ्याने नीट दिसतं असे सगळे, यांच्यासाठी झालरी परवडल्या पण पॉलिकार्बोनेटच हवं. ट्रायव्हेक्स मिळालं तर दोन्हींचा मेळ आहे: तेही न फुटणारं, ॲबे ४५ च्या आसपास आणि वजन सगळ्यांत कमी. रिमलेस फ्रेमला भोक पाडावं लागतं, तिथे सीआर-३९ तडकतं. त्यामुळे तिथेही याच दोहोंतलं एक.

मोठा नंबर असेल तर १.६०, १.६७, १.७४ अशा हाय इंडेक्स काचा पुढे केल्या जातात. त्याआधी फ्रेमकडे बघा. मायनस ५ नंबर आहे आणि बाहुलीपासून फ्रेमची सर्वांत लांबची कड ३० मिलिमीटरवर आहे असं धरा. साध्या १.५० मध्ये कड मध्यापेक्षा सुमारे ४.५ मिलिमीटर जाड होते. तीच काच १.६७ मध्ये केली तर सुमारे ३.४. आणि साधी १.५० ठेवून फक्त लहान फ्रेम घेतली, कड २५ मिलिमीटरवर आणली, तर सुमारे ३.१. म्हणजे फुकटात मिळणारा फायदा पैसे देऊन मिळणाऱ्या फायद्याहून मोठा. जाडी अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणून असं होतं. सध्याच्या मोठमोठ्या गोल फ्रेम मोठ्या मायनस नंबरवाल्यांनी हौसेने घेऊ नयेत. लहान फ्रेम आणि १.६०, एवढ्यात मायनस ६ पर्यंतच्या बहुतेकांचं काम भागतं.

वरचे थर: कशावर खर्च, कशावर नाही

एआरसी, म्हणजे प्रतिबिंब कमी करणारा थर, हवाच. थर नसलेली साधी काच सुमारे ८ टक्के प्रकाश परतवते, हाय इंडेक्स त्याहून जास्त. रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटचे भुताटकी दिवे दिसतात ते यातूनच. हा थर उष्णतेने तडकतो; उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका. पुसण्याआधी पाण्याखाली धरा, कारण पदराने किंवा शर्टाच्या टोकाने कोरडं पुसलं की धूळच काच घासते.

ब्लू कटसाठी, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या थरासाठी, वेगळे पैसे देऊ नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो असं त्यांतून दिसलं नाही. डोळे थकतात ते मुख्यतः पापण्या कमी लवल्यामुळे आणि अंतराचा नंबर चुकल्यामुळे.

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काच पायी फिरणाऱ्याला छान. ती अतिनील किरणांनी गडद होते आणि गाडीची पुढची काच ते किरण अडवते, त्यामुळे गाडीत ती फारशी काळी होत नाही. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच खाली ओढली तरी तेच. शिवाय उष्णतेत तिचा काळेपणा कमी पडतो. महाबळेश्वरच्या थंडीत जितकी गडद होईल तितकी नागपूरच्या मे महिन्यात होणार नाही. गाडी चालवणाऱ्याला नंबरचा पोलराइज्ड (रस्त्यावरची चकाकी अडवणारा) गॉगल जास्त उपयोगी, फक्त त्यातून काही फोन आणि गाड्यांचे डिजिटल पडदे विशिष्ट कोनातून काळे दिसतात.

माप आणि खात्री

प्रोग्रेसिव्हमध्ये पैसे वाया जातात ते काचेपेक्षा मापामुळे. दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर एकत्र न मोजता नाकापासून प्रत्येक डोळ्याचं वेगळं मोजायला हवं. निवडलेली फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर नीट बसवून, तुम्ही सरळ समोर बघत असताना काचेवर पेनाने बाहुलीची उंची टिपायला हवी. हे न करता नुसता नंबर उतरवून घेणाऱ्याकडे प्रोग्रेसिव्ह करू नका. म्हणूनच साधा एकनंबरी चष्मा ऑनलाइन मागवायला माझी हरकत नाही, प्रोग्रेसिव्हला आहे. साखर वर-खाली होत असेल तर नंबरही हलतो. ती आटोक्यात येईपर्यंत महागडी काच थांबवा.

चष्मा हातात आल्यावर काचेवर हलकी फुंकर घालून उजेडात तिरका धरा. प्रोग्रेसिव्ह काचेवर एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतात. कानाकडच्या खुणेखाली तुमची ॲड कोरलेली असते, २.०० असेल तर बहुधा २० असा आकडा. नाकाकडच्या बाजूला कंपनीची आणि काचेच्या प्रकाराची खूण असते. बिलावरच्या काचेशी ती जुळते का, हे तिथेच विचारा. घरी दोन आठवडे रोज वापरूनही चक्कर येत असेल, वाचताना पुस्तक एका बाजूला सरकवावं लागत असेल, तर जुना चष्मा सोबत घेऊन परत जा आणि नंबर पुन्हा तपासण्याआधी मापं पुन्हा घ्यायला सांगा.