12/48, 13/52 आणि शेवटी 13/50: दाट झाडीतले आठ महिने

गाडी 250 सीसी टू-स्ट्रोक एन्ड्युरो, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची मोटरसायकल, सहा गिअर, मागे 18 इंची चाक. आली तेव्हा चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) 13 दाते, मागच्याला 48. भागाकार केला तर 3.69; हा आकडा वाढला की त्याच गिअरमध्ये गाडी हळू चालते, म्हणजे गिअरिंग 'खाली' येतं. मोकळ्या वाटेवर या गिअरिंगला नाव ठेवायला जागा नाही. पण मी चालवतो ती वाट म्हणजे दोन झाडांमधून हँडल जेमतेम निघेल एवढी, खाली मुळं आणि सुटे दगड, आणि एक वळण संपायच्या आत दुसरं.

अडचण काय होती ते एकाच जागेवरून सांगतो. उतरून आलं की डावीकडे जवळजवळ उलटं फिरायचं, आतल्या बाजूला झाड, आणि वळणाच्या तोंडावर मनगटाएवढं जाड ओलं मूळ आडवं. पहिल्या गिअरमध्ये गेलो की ॲक्सलरेटर केसभर हलला तरी गाडी गचका मारायची, मागचं चाक मुळावर गरगरायचं आणि शेपूट बाहेर. दुसऱ्यात गेलो तर मुळापर्यंत पोचेस्तोवर इंजिनाचा दम संपलेला. मग अर्धा क्लच, वरून रेस, आणि देवाचं नाव. एका फेरीत अशा वीस-पंचवीस जागा. तासाभरात क्लचची दोन बोटं बधिर व्हायची, आणि क्लच तापला की लिव्हर कुठे पकडतोय हेही बदलायचं.

म्हणजे मला हवा होता तो हळू चालणारा दुसरा गिअर. हे कळायलाच मला बराच वेळ लागला. सुरुवातीला मी नुसतं 'गाडीला पिकअप कमी आहे' असं म्हणत होतो, आणि पिकअपवर जो तो वेगळं औषध सांगतो.

पहिला प्रयोग सगळे करतात तोच: पुढचा एक दाता कमी. पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागचे जवळपास चार वाढवणं. 48 भागिले 12, बरोबर 4.00. फरक आठ टक्क्यांच्या थोडा वर. कागदावर हे किरकोळ वाटतं. ज्या आरपीएमला आधी ताशी 12 किलोमीटर होते तिथे आता 11. पण त्या मुळापाशी हा एकच किलोमीटर मोलाचा होता. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचला नुसतं बोट टेकवून, गाडी मूळ चढून गेली. पहिल्या दिवशी तीच जागा मी उगाच चार वेळा केली.

कौतुक दोन महिने टिकलं. नंतर गाडी धुताना स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या टोकावरचा चेन स्लायडर, म्हणजे चेनपासून तो वाचवणारी पट्टी, पाहिली, तर चेनने त्यात खोल चर पाडला होता. स्प्रॉकेट लहान झालं की चेन पिव्होटपाशी (स्विंगआर्म फ्रेमला जोडलेला असतो तिथे) खाली येते आणि स्लायडरला जास्त घासते. शिवाय लहान घेरावर प्रत्येक कडीला जास्त वाकावं लागतं, आणि इंजिनाचा जोर तेवढाच असला तरी चेनवरचा ताण वाढतो. स्लायडर पुरता झिजला तर चेन थेट स्विंगआर्मचं ॲल्युमिनियम कापायला लागते. 12 दाते लावून बघायला उत्तम, कारण काम अर्ध्या तासाचं आहे. कायम ठेवायला माझं मत नाही.

मग 13/52. भागाकार पुन्हा बरोबर 4.00. गुणोत्तर तेच, तर गाडीही तशीच चालेल असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नाही. 520 या मापाच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर 15.875 मिलिमीटर. मागे चार दाते वाढवले आणि चेन तीच ठेवली, तर मागच्या चाकाचा ॲक्सल साधारण 16 मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. चाक मागे-पुढे करणाऱ्या माझ्या ॲडजस्टरला तेवढी जागाच नव्हती, म्हणून दोन कड्या जास्तीची नवी चेन घातली आणि चाक जवळपास मूळ जागी आलं. ज्यांच्याकडे जागा असेल त्यांनी जुन्याच चेनवर चाक पुढे घेऊन बघावं; व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) आखडतो, गाडी वळणात लवकर झुकते, पण चढावर पुढचं चाकही लवकर उचलतं.

चेनचा आवाज गेला, घासणं थांबलं. बदल्यात मागचं स्प्रॉकेट जमिनीकडे 10 मिलिमीटरने सरकलं. ऐकायला काहीच नाही, पण ओंडका ओलांडताना मागचं चाक वर चढायच्या आधी आता 'खण्ण' असा आवाज यायला लागला. तिसऱ्या महिन्यात एका दगडाने दोन दाते तिरके केले. कानशीने घासून कसेबसे सरळ केले, तरी पुढचे कित्येक दिवस चेन त्या जागी आली की कट् असा ठोका देई. ॲल्युमिनियमचं होतं, स्टीलचं जड असतं पण असा मार जास्त सोसतं आणि झिजतंही उशिरा.

मात्र खरी तक्रार स्प्रॉकेटबद्दल नव्हती, 4.00 बद्दलच होती. लांब चढावर दुसरा गिअर अर्ध्यातच संपायचा. इंजिन किंचाळतंय, वर अजून बरंच अंतर, आणि तिथे तिसरा टाकला की गाडी घुसमटून थांबणार. पहिला गिअर तर भिंतीसारख्या चढापुरताच उरला. झाडीतून बाहेर पडलं की सतत पाय गिअरवर. अरुंद वाटेतला त्रास उचलून मी चढावर नेऊन ठेवला होता.

आता गेले तीन महिने 13/50 आहे, 3.85. मूळ गिअरिंगपेक्षा चार टक्के खाली. लांब केलेली चेन तशीच ठेवली, त्यामुळे चाक आठेक मिलिमीटर मागे गेलं आणि चढावर पुढचं चाक जरा शांत राहतं. त्या मुळावर 4.00 इतकी सहज नाही जात, क्लच एकदा किंचित ओढावा लागतो. चालेल. चढ मात्र दुसऱ्यातच पूर्ण होतो.

एक कबुली इथेच देतो. मधल्या काळात मी आयडल (ॲक्सलरेटर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) थोडं वाढवलं आणि कार्ब्युरेटरचं पायलट जेट (खालच्या आरपीएमला पेट्रोल सोडणारं) बदललं, कारण खालच्या आरपीएमला गाडी गुदमरत होती. दुसऱ्यात दम संपण्यामागे निदान थोडा हात त्याचाही होता. आधी ते केलं असतं तर कदाचित 12 आणि 52 दोन्ही घ्यावे लागले नसते.

फोर-स्ट्रोकवाल्यांनी माझे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. सोबत येणाऱ्या मित्राच्या 250 फोर-स्ट्रोकवर आम्ही गिअरिंग तेवढंच खाली आणलं, तर उतारावर ॲक्सलरेटर सोडला की इंजिन ब्रेकिंगनेच मागचं चाक घसरायला लागलं. टू-स्ट्रोकमध्ये ते एवढं जाणवत नाही.

स्प्रॉकेट बदललं की चेनची ढील नव्याने बघायची, आणि स्टँडवर नाही. पट्टा बांधून सस्पेन्शन एवढं दाबायचं की पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतील. चेन सर्वांत ताठ तिथे असते, आणि तिथेही ती थोडी हलली पाहिजे. चेन लॉकचं (चेनची जोडकडी धरणाऱ्या क्लिपचं) बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. हे मी एकदा उलटं लावलं होतं, आणि परत येताना लॉक जागेवर नव्हता. नुसत्या साइड प्लेटच्या भरवशावर मी घरी पोचलो.

कुणी विचारलं तर मी आधी स्प्रॉकेट घ्यायला सांगत नाही. नेहमीची फेरी एकदा पूर्ण दुसऱ्या गिअरमध्ये मारा आणि किती ठिकाणी क्लच अर्धा धरावा लागतो ते मोजा. चार-पाच असतील तर गाडी आहे तशी ठेवा. वीस असतील तर मागे दोन दाते वाढवा, आणि तीच फेरी पुन्हा मोजा.