पऱ्हाटीच्या हंगामभर वापरलेली मॅक्रो रेल

मॅक्रो रेल म्हणजे ट्रायपॉडवर बसवून कॅमेरा थोडाथोडा सरकवणारी पट्टी. प्रत्येक टप्प्याला एक फोटो (फ्रेम) काढायचा आणि नंतर सगळे जोडून पूर्ण धारदार असा एकच फोटो करायचा, याला स्टॅकिंग म्हणतात. ही साधी रेल आहे: एकाच रेषेत पुढे-मागे सरकणारी, लांब स्क्रूवर चालणारी, वर-खाली आर्का पद्धतीची (खाचेत प्लेट सरकवून आवळायची) पकड. तिच्यावर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ९० मिमीची १:१ मॅक्रो लेन्स, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटवणारी. काम मुख्यतः पऱ्हाटीच्या पानाखालचा मावा, डोमकळीतली (अळीमुळे न उमललेल्या फुलातली) गुलाबी बोंडअळी आणि संत्र्याच्या नवतीवरची सायला ही रस शोषणारी कीड.

आधी एक गैरसमज काढून टाकावा. रेल फोकस करत नाही, ती अख्खा कॅमेरा पुढे-मागे नेते. म्हणून लेन्स मॅन्युअलवर टाकून रिंग हव्या त्या मोठेपणावर आधी लावायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही. १:१ पेक्षा कमी मोठेपणाचं काम असेल, म्हणजे अख्खं बोंड किंवा फुलपाखरू, तर रेलपेक्षा लेन्सची रिंग फिरवणं किंवा कॅमेऱ्यातलं फोकस ब्रॅकेटिंग (कॅमेरा स्वतःच फोकस सरकवत फोटो काढतो ते) सोपं पडतं. रेलची खरी गरज १:१ पासून पुढे सुरू होते.

बाजारात स्वस्तात मिळते ती चार दिशांची, दातेरी पट्टीवर चालणारी. तिच्यात एकावर एक दोन रेल असतात, त्यामुळे डगमगही दुप्पट. एक काढून एकच वापरली तर बरीच सुधारते. पण कॅमेरा खाली तोंड करून लावला आणि लॉक ढिला केला की ती स्वतःच्या वजनाने घसरते, आणि लेन्स थेट पानावर टेकते. स्क्रूवाली घसरत नाही. जास्तीचे पैसे मोजावेत ते याच गुणासाठी.

घेतल्यावर पहिलं काम मोजणीचं. नॉब दहा पूर्ण फेरे फिरवा, सरकलेलं अंतर व्हर्निअरने मोजा, दहाने भागा. फेऱ्याला १ मिमी आलं तर पाव फेरा ०.२५ मिमी. नॉबवर कागदाची गोल चकती चिकटवून तिचे दहा भाग पाडले की ०.१ मिमीचा टप्पाही डोळ्यांना दिसतो.

टप्पा किती ठेवायचा हे डेप्थ ऑफ फील्डवर, म्हणजे एका फोटोत धारदार येणाऱ्या खोलीवर ठरतं. एपीएस-सीवर १:१ ला लेन्सचं छिद्र एफ/५.६ असेल (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तर ती साधारण ०.४५ मिमी, एफ/८ ला ०.६४ मिमी. टप्पा याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश ठेवायचा, म्हणजे एफ/५.६ ला पाव फेरा बरोबर बसतो. ३ मिमी खोलीचा किडा असेल तर १३ फ्रेम, शिवाय पुढे-मागे दोन-दोन जादा, एकूण १७. जादा फ्रेम सोडू नका. मिशीचं टोक किंवा मागचा पाय नेमका तिथेच हुकतो. लेन्सपुढे रेनॉक्स डीसीआर-२५० ही मोठेपणा वाढवणारी जोड-लेन्स लावून २:१ च्या आसपास गेलात तर तोच एफ/५.६ जेमतेम ०.१७ मिमी देतो आणि टप्पा ०.१ वर आणावा लागतो. आकडेमोड नको असेल तर स्टीलची पट्टी ४५ अंशात तिरपी ठेवून एक फोटो काढा. जेवढी लांबी धारदार दिसते तिला १.४ ने भागा.

फ्रेम कमी लागाव्यात म्हणून एफ/१६ लावायचा मोह होतो, पण १:१ ला तो प्रत्यक्षात एफ/३२ सारखा वागतो आणि डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) किड्याच्या केसांची धार जाते. निकॉनच्या बॉडीवर मॅक्रो लेन्स जवळ फोकस केली की एफचा आकडा वाढलेला दिसतो, कॅननवर तो तसाच राहतो, म्हणून तिथे फसगत जास्त. स्टॅकिंगला एफ/५.६ च बरा.

सगळ्यांत जास्त स्टॅक बिघडतात ते प्लेमुळे. स्क्रू आणि नटाच्या आट्यांत थोडी ढिलाई असतेच. दिशा उलटवली की नॉब फिरतो, पण कॅमेरा जागचा हलत नाही. म्हणून सुरुवातीच्या जागेपेक्षा एक पूर्ण फेरा मागे जा, मग पुढे या, आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत एकाच दिशेने फिरवा. मधे एखादी फ्रेम चुकली तर मागे फिरू नका, नव्याने सुरुवात करा. लॉक स्क्रूही टप्प्याटप्प्याला कसू नका, कसताना फ्रेम सरकते. हलका ताण राहील इतपत आवळून तसाच ठेवायचा. नॉब सोडल्यावर दोन सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला धक्का टाळणारी सोय) असेल तर तो चालू.

वावरात मात्र रेलच्या मर्यादा लगेच कळतात. वारा सुटला की १:१ ला पान फ्रेमबाहेर जातं. सूर्य वर यायच्या आधीचा तासभर काय तो हाती लागतो. मावा रस शोषत बसतो, त्यामुळे तो सोपा. सायलाची पिल्लंही जागा सोडत नाहीत, फक्त त्यांचे पांढरे मेणाचे धागे झुळकीने हलतात. तुडतुडा तिरपा पळतो, त्याच्यामागे रेल घेऊन लागू नये. तिथे हातात कॅमेरा आणि फ्लॅश. डोमकळी तोडून सावलीत आणली, पाकळ्या उघडल्या, तर अळी थोडा वेळ स्थिर मिळते.

पावसाळ्यात ट्रायपॉडचे पाय काळ्या मातीत स्टॅक चालू असतानाच रुततात. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा आणि शक्यतो धुऱ्यावर उभे राहा. मधला दांडा वर काढू नका. रेल पुढे ताणली की ट्रायपॉडचं हेड वाकतं, म्हणून वजन हेडच्या बरोबर वर येईल असं बसवा आणि चौकटीत चारही बाजूंनी दहावा हिस्सा मोकळा सोडा. सॉफ्टवेअर फ्रेम जुळवताना कडा खातं. घरात काम करत असाल तर पंखा बंद. गावात व्होल्टेज खालीवर होतं, एलईडी बल्बवर काही फ्रेम उजळ तर काही काळपट येतात. बॅटरीवरचा फ्लॅश १/१६ ताकदीवर आणि पुढे बटर पेपर, याने हा त्रास संपतो.

फोटोंच्या जोडणीसाठी झेरीन या सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती आहेत. पीमॅक्स केस आणि एकमेकांवर आलेले पाय नीट सोडवतो, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतो. अळीच्या गुळगुळीत अंगाला दुसरी, डीमॅप, चांगली. फुकटात हवं असेल तर ह्युजिन या फुकट सॉफ्टवेअरसोबतचं अलाइन-इमेज-स्टॅक आणि एन्फ्यूज चालतं, मात्र कमांड टाइप कराव्या लागतात.

देखभाल थोडीच, पण टाळता येत नाही. वाळलेल्या काळ्या मातीची धूळ ग्रीसला धरते आणि स्क्रू कुरकुरू लागतो. ब्रशने आटे साफ करा, जुनं ग्रीस कापडाने पुसा, पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं लावा. शिलाई मशीनचं तेल नको, एप्रिल-मेच्या उन्हात ते पातळ होऊन प्लेटवर उतरतं आणि पकड सुटते.