फायरफॉक्सचं नवं रूप पटत नाहीये? राहायचं, जुनं करून घ्यायचं की दुसरा ब्राउझर बघायचा

अपडेट झालं, सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि टॅब वेगळेच दिसायला लागले, मेनू सापडेना, एरवी डोळे झाकून जिथे क्लिक करायचो तिथे भलतंच काहीतरी, आणि मग डोक्यात पहिला विचार येतो की जाऊ दे आता हा ब्राउझरच बदलतो. माझं कळकळीने सांगणं आहे, आधी अर्धा तास थांबा. कारण या निर्णयात लोक ज्या गोष्टीसाठी चिडतात ती परत मिळवणं सोपं असतं आणि घाईघाईत जे गमावतात ते परत मिळवायला जास्त त्रास होतो.

थोडा मागचा इतिहास सांगतो, म्हणजे अंदाज येईल. फायरफॉक्सने एप्रिल 2014 मध्ये 29 व्या आवृत्तीत गोल कडांचे टॅब आणले, खालची ॲड-ऑनची पट्टी गेली आणि उजवीकडे तीन रेघांचा मेनू आला. तेव्हा बऱ्याच जणांनी एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकून जुनं रूप परत आणलं. नोव्हेंबर 2017 मध्ये 57 वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेंशनच बंद झाली, त्यात तेही गेलं. मग 1 जून 2021 ला 89 मध्ये प्रोटॉन नावाचं नवं रूप आलं, टॅब पट्टीपासून सुटे, तरंगल्यासारखे, मेनूतले छोटे आयकॉन गायब. अबाउट:कॉन्फिगमध्ये (पत्त्याच्या पट्टीत about:config टाइप केलं की उघडणारं आतल्या सेटिंग्जचं पान) प्रोटॉन बंद करायचं एक बटण होतं, लोक खूश झाले, पण ऑगस्टमध्ये 91 आलं तेव्हा तेही काढून टाकलं. म्हणजे दर वेळी "जुनं परत आणायची" जी सोय मिळते ती काही काळापुरतीच असते. पर्याय निवडताना हे लक्षात ठेवाच.

आहे तिथेच राहून सेटिंग्ज बदलणं

बहुतेकांनी आधी हेच करावं असं माझं ठाम मत आहे. टूलबारवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, कस्टमाइझ टूलबार उघडा, तिथे खाली टायटल बार आहे, मेनू बार आहे (नुसतं आल्ट दाबलं तरी तात्पुरता दिसतो), आणि डेन्सिटी, म्हणजे पट्ट्या किती जाड दिसाव्यात ते आहे. डेन्सिटीत कॉम्पॅक्ट दिसत नाही कारण प्रोटॉनपासून ते लपवलंय, पण काढलेलं नाही. अबाउट:कॉन्फिगमध्ये ब्राउझर डॉट कॉम्पॅक्टमोड डॉट शो (browser.compactmode.show) हे ट्रू केलं की यादीत परत येतं. ज्यांचा लॅपटॉप 1366 बाय 768 चा आहे त्यांना यानेच निम्मं बरं वाटेल, कारण त्यांची खरी तक्रार रंगरूपाची नसतेच, वरच्या पट्ट्यांनी पानाची जागा खाल्ली ही असते. मार्च 2025 च्या 136 पासून तर टॅब बाजूला उभे लावायची सोय फायरफॉक्समध्येच आहे, जनरल सेटिंग्जमध्ये ब्राउझर लेआउट बघा. रुंद स्क्रीन असेल तर आठवडाभर वापरून बघाच, पहिले दोन दिवस हात वर जातो, मग सवय होते.

तोटा एकच, टॅबचा आकार, मेनूतले आयकॉन वगैरे यातून बदलत नाही.

आणि काही खरंच बिघडलं असेल, म्हणजे व्हिडिओ अडकतोय, पान अर्धवट येतंय, तर आधी मदत मेनूतून ट्रबलशूट मोड चालू करा. त्यात एक्स्टेंशन आणि थीम सगळं बाजूला ठेवून ब्राउझर उघडतो, हार्डवेअर ॲक्सिलरेशनही, म्हणजे ग्राफिक्स चिपची मदत घेणंही, बंद होतं. तिथे नीट चाललं तर दोष नव्या डिझाइनचा नाही, तुमच्या एखाद्या एक्स्टेंशनचा नाहीतर ग्राफिक्सचा आहे, आणि तोच दोष घेऊन दुसऱ्या ब्राउझरमध्ये गेलात तर तिथेही तेच होऊ शकतं.

यूजरक्रोम फाइल

ज्यांना टॅब अगदी पूर्वीसारखेच हवेत त्यांच्यासाठी हा रस्ता आहे. अबाउट:सपोर्टमधून प्रोफाइल फोल्डर (तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज जिथे साठतात तो) उघडायचा, त्यात क्रोम नावाचा फोल्डर करायचा (गूगल क्रोमशी काही संबंध नाही), त्यात यूजरक्रोम डॉट सीएसएस (userChrome.css) ही ब्राउझरचं रूप ठरवणारी फाइल ठेवायची. 2019 च्या 69 व्या आवृत्तीपासून ही फाइल आपोआप वाचली जात नाही, अबाउट:कॉन्फिगमध्ये लेगसी यूजर प्रोफाइल कस्टमायझेशनचं स्टाइलशीट्सवालं सेटिंग (toolkit.legacyUserProfileCustomizations.stylesheets) ट्रू करावं लागतं, आणि "फाइल टाकली पण काहीच होत नाही" यामागचं नेहमीचं कारण हेच. विंडोजमध्ये दुसरं कारण म्हणजे फाइलच्या नावामागे गुपचूप लागलेलं डॉट टीएक्सटी. स्वतः लिहायचं नसेल तर लेप्टनसारखी इतरांनी लिहिलेली तयार फाइल मिळते, आयकॉन परत येतात, टॅब पट्टीला चिकटतात, दिसायला खरंच सुंदर होतं.

पण हे पाळावं लागतं. कुठल्याही अपडेटमध्ये आतली नावं बदलली की तुमची पट्टी मोडू शकते आणि मग नवी फाइल आणायची. स्वतःच्या कॉम्प्युटरवर जरूर करा. आईवडिलांच्या किंवा ऑफिसातल्या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर करू नका, मोडलं की त्यांना काय झालं ते कळणारसुद्धा नाही.

ईएसआर

ही फायरफॉक्सचीच, मोठ्या संस्थांसाठी असलेली आवृत्ती, सुरक्षेचे अपडेट साधारण दर चार आठवड्यांनी येतात पण नवे बदल वर्षातून एकदाच. शांतता हवी असेल तर छान. मात्र बदल टळत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. 2021 मध्ये प्रोटॉन नको म्हणून जे ईएसआर 78 वर गेले त्यांच्याकडे त्याच वर्षी 91 बरोबर प्रोटॉन आलंच.

जुनं व्हर्जन टाकून अपडेट बंद करणं

हे करू नका. साताऱ्याच्या माझ्या ताईला कोणीतरी असंच सुचवलं, तिने जुनं इन्स्टॉल केलं आणि रात्री दहाला रडवेल्या आवाजात फोन, अरे माझे सगळे पासवर्ड गेले, बुकमार्क गेले, पोराच्या शाळेच्या फीचं पान पण गेलं. गेलेलं काहीच नव्हतं. 2019 च्या 67 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीला उघडू देत नाही, नवं कोरं प्रोफाइल करायला सांगतो, आणि माणसाला वाटतं सगळं पुसलं. तुमचंही असं झालं असेल तर घाबरू नका, काहीही डिलीट करू नका, पुन्हा ताजी आवृत्ती टाका, अबाउट:प्रोफाइल्स उघडा, जुनं प्रोफाइल तिथे दिसेल, तेच डिफॉल्ट करा. नेहमीच्या फायरफॉक्सवरून ईएसआरवर जाताना पण हाच धक्का बसतो, म्हणून आधी सिंक (फायरफॉक्स खात्यात बुकमार्क, पासवर्ड जपून ठेवायची सोय) चालू करून ठेवा. पण प्रोफाइल सापडलं म्हणून जुनं व्हर्जन चालवणं बरोबर ठरत नाही, ज्याच्या सुरक्षेतल्या भोकांची दुरुस्ती येणारच नाही अशा ब्राउझरमधून बँकेचं काम करायचं हे मला बघवत नाही.

दुसरीकडे जाणं

रूप बदललं म्हणून क्रोमवर जाणार असाल तर क्रोमनेही 2023 मध्ये पंधराव्या वाढदिवसाला रूप बदललंच, जुनं ठेवायचा फ्लॅगही (लपवलेलं सेटिंग) पुढे काढला. शिवाय 2025 पर्यंत तिथे जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन बंद झाली, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन गेलं, त्याची लाइट आवृत्ती उरली. फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक अजून चालतं. मला स्वतःला तेवढ्यासाठी इथेच राहावंसं वाटतं.

मनापासून सगळं हवं तसं मांडायची हौस असेल तर विवाल्डी. ऑपेराच्या माजी प्रमुखाने सुरू केलेला, 1.0 आलं एप्रिल 2016 मध्ये, टॅब खाली लावा, बाजूला लावा, एकावर एक रचा, सगळं सेटिंग्जमध्येच. आतून क्रोमियम (क्रोम ज्यावर बनलाय तोच पाया) असल्यामुळे क्रोमवर चालणाऱ्या साइट अडत नाहीत आणि जाहिराती अडवायची सोय आतच आहे. जुन्या, कमी रॅमच्या मशीनवर मात्र मला तो जड वाटला, आणि सेटिंग्ज इतकी आहेत की ज्याला फक्त "पूर्वीसारखं" हवंय तो हरवेल.

फायरफॉक्सचीच सवय आहे पण टॅब पत्त्याच्या पट्टीखाली हवेत, अशांसाठी फायरफॉक्सवरूनच बनवलेला वॉटरफॉक्स मधला रस्ता आहे, 2011 पासूनचा, टॅबची जागा तिथे सेटिंग्जमधूनच बदलता येते, फाइलींशी खेळावं लागत नाही. पेल मून तर अगदी 2014 आधीच्या फायरफॉक्ससारखाच दिसतो, बघून जीव हरखतो, पण त्याचं इंजिन वेगळं आहे, आजची एक्स्टेंशन चालत नाहीत, डीआरएमवाले (कॉपी होऊ नये म्हणून कुलूपबंद केलेले) व्हिडिओ चालत नाहीत, ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल चालत नाहीत. वाचनासाठी दुसरा ब्राउझर म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

कुठेही जा, आधी तुमची बँक, जीएसटी, रेल्वे तिकीट, मुलांच्या शाळेची साइट, जे रोज लागतं ते नव्या ब्राउझरमध्ये एकदा लॉगिन करून बघा आणि मगच जुना हलवा. आणि मराठीत मेनू वापरत असाल तर तेही तपासा. फायरफॉक्स मराठीत मिळतो, पण नव्याने आलेल्या भागांची वाक्यं कधीकधी इंग्रजीतच दिसतात, वडीलधाऱ्यांना रूपापेक्षा याचाच जास्त त्रास होतो.

ताईचं शेवटी काय केलं ते सांगतो. ताजं फायरफॉक्स, जुनं प्रोफाइल, कॉम्पॅक्ट, मेनू बार कायमचा चालू, आणि सिंकचा पासवर्ड तिच्याच हस्ताक्षरात वहीत लिहून कपाटात. उभे टॅब लावून दाखवले होते, तिला आवडले नाहीत, काढून टाकले.